केस्तुडाची सूज नेमकी कोण आणतं?

काखेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला केस्तूड येतं तेव्हा पहिल्या दिवशी एका केसाच्या मुळाशी मसुराएवढा दुखरा दाणा लागतो. दोन दिवसांत तो हरभऱ्याएवढा होतो, मग सुपारीएवढा. भोवतालची कातडी तांबूस-जांभळी पडते, ताठ आणि गरम लागते, ठणका सुरू होतो, आणि चार-सहा दिवसांनी मधोमध पिवळं तोंड दिसतं. यामागचा जिवाणू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. त्याची रुंदी सुमारे १ मायक्रॉन, म्हणजे हजार जिवाणू ओळीने ठेवले तर जेमतेम १ मिलिमीटर भरेल. सुपारीएवढी गाठ काही त्याच्या अंगाने भरलेली नसते. तिच्यातलं पाणी आपल्या रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं असतं, पू म्हणजे मुख्यतः आपल्याच मेलेल्या पांढऱ्या पेशी, आणि हाताला लागणारी ऊब आपल्याच रक्ताची. जिवाणू निमित्त होतो. पुढचा जवळजवळ सगळा खटाटोप आपल्या पेशी करतात, आणि त्याची सुरुवात रक्तात नाही, कातडीतच होते.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. मराठीत 'सूज' म्हटलं की फुगवटा डोळ्यांसमोर येतो, 'दाह' म्हटलं की आग. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात त्यात दोन्ही येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने त्याच्या चार खुणा नोंदवल्या होत्या: लाली, उष्णता, फुगवटा आणि वेदना. खाली 'दाह' हा शब्द या चारही गोष्टींसाठी मिळून वापरला आहे.

कातडी नुसती भिंत नाही

त्वचेचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी सरासरी ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तळहात-तळपायाला बराच जाड, पापणीवर त्याहून पातळ. या थरातल्या दहापैकी नऊ पेशी एकाच जातीच्या, केराटिनोसाइट नावाच्या. त्या तळाशी जन्मतात, साधारण चार आठवड्यांत वर सरकतात, वाटेत चपट्या होत जातात आणि शेवटी मरून १५-२० पदरांचं कोरडं कवच बनतात. अंग घासताना निघतो त्या मळात बराचसा भाग याच मेलेल्या पेशींचा असतो. या पेशींचं काम विटांसारखं, रचून बसायचं, अशी समजूत बराच काळ होती. जंतूंशी लढणं हे रक्तातल्या पेशींचं खातं मानलं जाई. प्रत्यक्षात कवचाखालची जिवंत केराटिनोसाइट जंतू ओळखते, त्याला मारणारी रसायनं स्वतः बनवते आणि मदतीला कोणाला बोलवायचं हेही ठरवते.

पण तिने प्रत्येक जिवाणूला पाहून बोंब मारली तर आपण कायम लालेलाल असू. निरोगी कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरवर जागेप्रमाणे काही हजारांपासून दहा लाखांपर्यंत जिवाणू राहतात. हाताच्या कोरड्या कातडीवर कमी, काखेत, जांघेत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात भरपूर. म्हणून प्रश्न खरं तर दोन आहेत: त्वचापेशी जिवाणूला ओळखते कशी, आणि ओळखूनही बहुतेक वेळा गप्प का बसते.

ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे जिवाणूच्या प्रथिनांना असलेली चरबीची शेपटी. स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू आपली कित्येक प्रथिनं पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला रोवून ठेवतात, आणि रोवण्यासाठी त्यांना मेदाम्लाच्या दोन किंवा तीन लांब साखळ्या जोडतात. अगदी अशी जोडणी माणसाच्या पेशीत होत नाही. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला टीएलआर-२ नावाचा संवेदक असतो. त्याच्यात एक खोबण असते आणि ही शेपटी तिच्यात बसते. तो एकटा काम करत नाही: तीन साखळ्या असतील तर टीएलआर-१ सोबत, दोन असतील तर टीएलआर-६ सोबत जोडी जमते. या कुळातल्या संवेदकांचा माग फळमाशीवरून लागला. त्यांतलं टोल हे प्रथिन (टीएलआर म्हणजे 'टोल-लाइक रिसेप्टर', टोलसारखा संवेदक) बिघडलं की माशी बुरशीने मरते, हे १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने दाखवलं. दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरात त्याच कुळातलं प्रथिन जिवाणू ओळखतं हे सिद्ध केलं. २०११ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता.

एक दुरुस्ती इथेच करायला हवी, कारण जुन्या पुस्तकांत आणि त्यांवरून बनलेल्या नोट्समध्ये ती अजून झालेली नाही. टीएलआर-२ ला जागं करतं ते जिवाणूच्या भिंतीतलं लिपोटायकोइक आम्ल, असं तिथे लिहिलेलं असतं. पण विकत मिळणाऱ्या या आम्लाच्या कित्येक नमुन्यांत शेपटीवाली प्रथिनं मिसळलेली होती आणि परिणाम मुख्यतः त्यांचा होता. ज्या स्टॅफिलोकॉकसमधून शेपटी जोडणारा जनुक काढून टाकला त्याच्या भिंतीत ते आम्ल शाबूत असतं, तरी टीएलआर-२ जवळजवळ ढिम्म राहतो.

पेशीच्या आतही पहारा असतो. नॉड-२ नावाचं प्रथिन पेशीद्रवात फिरत राहून जिवाणूच्या भिंतीचे तुकडे हुडकतं. भिंतीचा तुकडा आत सापडला याचा अर्थ बाहेरचा कोणीतरी हद्द ओलांडून आला आहे किंवा त्याचे अवशेष तरी आत शिरले आहेत.

निरोप आत कसा जातो

शेपटी खोबणीत बसली की टीएलआर-२ चा पेशीच्या आत असलेला भाग मायडी-८८ नावाच्या प्रथिनाला धरतो. ते आयरॅक-४ ला जवळ ओढतं, आणि तिथून तीन-चार हात बदलत निरोप एका जोडीपर्यंत पोचतो. जोडीतला एक एनएफ-कॅपा-बी, दुसरा त्याला अडकवून ठेवणारा आय-कॅपा-बी. पहिला जनुकं सुरू करू शकतो, पण दुसऱ्याने त्याला केंद्रकाबाहेर डांबून ठेवलेलं असतं. निरोप आला की आय-कॅपा-बीवर फॉस्फेटचा शिक्का बसतो आणि पेशीची मोडतोड यंत्रणा त्याला चिरून टाकते. मोकळा झालेला एनएफ-कॅपा-बी पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात केंद्रकात शिरतो. तो १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना अमेरिकेत सापडला, तेही त्वचेत नव्हे. प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी-पेशींत 'कॅपा' साखळीचा जनुक कशाने चालू होतो हे ते शोधत होते, म्हणून हे असं नाव. पुढे तो शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत आढळला.

केंद्रकात शिरल्यावर तो एका फटक्यात बरीच जनुकं उघडतो. त्यातलं एक इंटरल्यूकिन-८ चं. हे रसायन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावून आणतं. दुसरं बीटा-डिफेन्सिन-२ चं, जे जिवाणूंच्या पटलात भोकं पाडतं. ते जर्मनीतल्या कील शहरातल्या संशोधकांनी १९९७ साली सोरायसिसच्या रुग्णांच्या खपल्यांतून वेगळं काढलं होतं. आणि उघडणाऱ्या जनुकांत आय-कॅपा-बीचंही असतं. म्हणजे एनएफ-कॅपा-बी मोकळा होताच स्वतःला पुन्हा अडकवणाऱ्याची सोय करून ठेवतो. तासाभरात नवा आय-कॅपा-बी तयार होतो आणि जिवाणू तोवर हटला असेल तर प्रकरण मिटतं. दाह आपसूक विझण्याची तरतूद तो पेटतानाच झालेली असते.

ही साखळी खरोखर किती महत्त्वाची आहे ते काही मोजक्या मुलांमुळे कळलं. ज्यांच्यात जन्मतः आयरॅक-४ किंवा मायडी-८८ काम करत नाही त्यांना स्टॅफिलोकॉकसचे फोड आणि न्युमोकॉकसचे जीवघेणे आजार पुन्हा पुन्हा होतात, पण ताप आणि सूज मात्र उशिरा किंवा बेताचीच येते. त्यामुळे निदानही उशिरा होतं. पौगंडावस्थेनंतर त्रास बराच कमी होतो. तोपर्यंत शरीराने इतर उपाय शिकून घेतलेले असतात.

दहा लाख आणि काहीशे

आता दुसरा प्रश्न: ओळखूनही गप्प का? याचं निम्मं उत्तर जागेत आहे. जिवंत केराटिनोसाइट मेलेल्या कवचाखाली असते. वर बागडणाऱ्या जिवाणूंचा तिच्या संवेदकांशी फारसा संबंध येत नाही. कवचाचा आम्लपणाही, निरोगी त्वचेवर पीएच ४.५ ते ५.५ च्या आसपास, स्टॅफिलोकॉकस ऑरियसला मानवत नाही.

उरलेलं उत्तर ब्रिटनमध्ये १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या एलेक आणि कोनेन यांच्या प्रयोगात सापडतं. त्यांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस मोजून टोचला. पू होण्यासाठी दहा लाखांहून जास्त जिवाणू लागले. मग तोच जिवाणू रेशमी टाक्यासकट कातडीत ठेवला, तेव्हा काहीशे जिवाणू पुरले. फरक हजारो पटींचा. धाग्याला जिवाणू चिकटतात, एकमेकांवर थर रचतात आणि पांढऱ्या पेशींना गिळता येत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर टाके वेळेवर काढायचा आग्रह का, ते यावरून समजावं. आत वळलेला केस, काटा किंवा कुसळ अशीच जागा जिवाणूला आयती देतात. घट्ट कपड्यांच्या घासण्याने आणि वस्तऱ्याच्या बारीक कापांनी कवच फाटतं, आणि आत शिरायला वाट होते. केस्तूड काख, जांघ, कुल्ले, मानेची मागची बाजू असं केस, घाम आणि घर्षण एकत्र येतात तिथेच का उठतं, त्याचं कारण हेच.

(मे महिन्यात फोड आले की 'आंबे बाधले' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याच महिन्यात घामाने कातडी दिवसभर ओली राहते आणि कॉलरखाली, कमरपट्ट्याखाली घासली जाते, याकडे मात्र लक्ष जात नाही. आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती पुरळ येतो तो वेगळा. ती चिकातल्या रसायनांची ॲलर्जी असते, तिच्यात पू नसतो.)

त्वचापेशीला जिवाणू दिसणं पुरत नाही, नुकसानीचा पुरावाही लागतो. तिने इंटरल्यूकिन-१-अल्फा नावाचं रसायन तयार करून पोटात ठेवलेलं असतं. ती धडधाकट असेपर्यंत ते आतच राहतं. पेशी फुटली की सांडतं आणि शेजारणींच्या संवेदकांवर जाऊन आदळतं. या संवेदकाचा निरोपही मायडी-८८ मार्फतच आत जातो. म्हणजे जंतू दिसल्याची खबर आणि घर फुटल्याची खबर दोन्ही एकाच दारातून येतात. दोन्ही आल्या तर आवाज नुसता दुप्पट होत नाही, कित्येक पट वाढतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस नेमकं हे फोडण्याचंच काम करतो. त्याच्या अल्फा-टॉक्सिनचे सात तुकडे पेशीच्या पटलावर गोल बसून एक नळी बनवतात. बसायला त्यांना एडॅम-१० हे आपलंच प्रथिन लागतं. नळीतून पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत येतं. पोटॅशियम घटलं की पेशीतला आणखी एक गजर वाजतो आणि इंटरल्यूकिन-१-बीटा तयार होऊन बाहेर पडतं. शिवाय चेकाळलेलं एडॅम-१० दोन पेशींना सांधणारं ई-कॅडहेरिन कापत सुटतं, त्यामुळे थर उसवतो. या जिवाणूकडे साबणासारखी पटल विरघळवणारी लहान प्रथिनंही असतात. त्यांच्यामुळे त्वचापेशींतून इंटरल्यूकिन-१-अल्फाबरोबर इंटरल्यूकिन-३६ सुद्धा सांडतं.

यात एक हिशेबीपणा आहे. विष बनवायला ऊर्जा लागते, म्हणून जिवाणू ते एकटादुकटा असताना बनवत नाही. प्रत्येक जण प्रथिनाच्या तुकड्याचं एक छोटं वळं बाहेर सोडत राहतो. भोवती त्याचं प्रमाण वाढलं की 'आपण पुरेसे झालो' हे सगळ्यांना एकदमच कळतं आणि विषांची जनुकं सुरू होतात. विरळ असताना चिकटून राहणारी प्रथिनं, दाटी झाली की विषं. केस्तूड दोन दिवस बारीक दाणा राहून मग एका रात्रीत का फुगतं, त्याचा एक धागा इथे आहे.

पू होतो तो कसा

आता खालच्या थरातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती झिरपू लागतात, म्हणून फुगवटा. इंटरल्यूकिन-८ च्या मागावर न्यूट्रोफिल काही तासांत येऊन पोचतात. शेवटचा पल्ला ते थेट जिवाणूच्या वासाने काढतात. जिवाणू आपलं प्रत्येक प्रथिन फॉर्मिल नावाचा छोटा गट लागलेल्या मिथिओनिन या अमिनो आम्लापासून बनवायला सुरुवात करतात, आपण तसं करत नाही (आपल्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया सोडून), आणि न्यूट्रोफिलला हा फरक कळतो. वेदनेच्या चेतातंतूंनाही ही खूण आणि अल्फा-टॉक्सिन थेट कळतं, हे २०१३ मध्ये उंदरांत दिसलं. म्हणजे ठणका सगळाच सुजेच्या दाबाचा नसतो, थोडा जिवाणूने स्वतः लावलेला असतो.

न्यूट्रोफिल गिळतात, मारतात आणि मरतात. पुवाला येणारी हिरवट छटा त्यांच्यातल्या मायेलोपेरॉक्सिडेज या लोहयुक्त विकराची. जिवाणूही स्वस्थ बसत नाही. कोॲग्युलेज नावाचं विकर सोडून तो आपल्याच रक्तातल्या फायब्रिनचं जाळं स्वतःभोवती विणतो. बाहेरून शरीरही तटबंदी घालतं. या दुहेरी भिंतीच्या आत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे गोळीतलं प्रतिजैविक पुरेसं पोचत नाही. पिकलेल्या गळवाला चीर देऊन पू काढणं हाच मुख्य उपाय असतो. प्रतिजैविक काही परिस्थितीत त्याच्या जोडीला दिलं जातं.

शेकणं आणि पोटीस बांधणं हे आजीचे उपाय टाकाऊ नाहीत. सोसवेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडकं बुडवून, पिळून, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवलं की रक्तपुरवठा वाढतो आणि तोंड लवकर पडतं. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्यांनी हे आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावं, नाहीतर भाजतं. नखाने दाबणं मात्र वाईटच. कातडीतून बाहेर येण्याऐवजी पू तटबंदी फोडून आत घुसतो, आणखी पेशी फुटतात, आणखी इंटरल्यूकिन-१ सांडतं, आणि हरभऱ्याची सुपारी होते. नाक आणि वरच्या ओठाभोवती तर अजिबात नाही, कारण तिथल्या शिरांचा संबंध कवटीच्या आतल्या शिरांशी आहे. ताप आला, लाली दर तासाला पसरताना दिसली, मधुमेह असेल, किंवा फोड पुन्हा पुन्हा येत असतील तर डॉक्टरांकडे जावं. पुन्हा पुन्हा येणाऱ्यांत बहुधा जिवाणूचं बिऱ्हाड नाकपुडीत असतं. साधारण पाचातल्या एका माणसाच्या नाकात तो कायमचा राहतो आणि बहुतेकांना काहीच होत नाही. अशा वेळी डॉक्टर २ टक्के म्युपिरोसिनचं मलम नाकपुड्यांत दिवसातून दोनदा पाच दिवस लावायला सांगतात. तेवढ्या काळात टॉवेल, वस्तरा आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवला नाही तर उपयोग थोडाच.

शेजारी, आणि जिथे शेजारीच बिघडतात

कातडीवरचे सगळेच जिवाणू भांडकुदळ नसतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस जवळपास प्रत्येकाच्या अंगावर असतो. जखमेत मेलेल्या पेशींमधून सांडणाऱ्या आरएनएमुळे उठणारा दाह या जिवाणूचं लिपोटायकोइक आम्ल आवरतं, असं २००९ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी दाखवलं. वर ज्या आम्लावर खोटा आळ आला होता तेच हे. त्याच्या भाऊबंदांपैकी काही जाती तर ऑरियसच्या वळ्यांसारखीच खोटी वळी सोडून त्याची गर्दी मोजण्याची पद्धत बिघडवतात.

तारुण्यपीटिकांची गोष्ट निराळी. तिथला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस केसाच्या नळीत, तेलग्रंथीजवळ, कमी ऑक्सिजनमध्ये राहतो आणि तेल फोडून खातो. मुरुम असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या नळीत त्याचं प्रमाण सारखंच असतं. वेगळे असतात ते त्याचे वाण, आणि महत्त्वाचं म्हणजे नळीची अवस्था. नळी तुंबली की आतला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू तेल आंबवून लहान मेदाम्लं सोडतो. ही आम्लं केराटिनोसाइटमधली जनुकं गुंडाळून ठेवणारी विकरं अडवतात, त्यामुळे टीएलआर-२ चा एरवी सौम्य असणारा निरोप मोठा होतो. तोच जिवाणू, तीच पेशी, पण बूच लागलं म्हणून भडका. यासाठीच मुरुमांवर नुसतं प्रतिजैविक लावणं अपुरं पडतं आणि प्रतिरोध वाढवतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड ऑक्सिजनच्या माऱ्याने जिवाणू मारतं, त्याला प्रतिरोध झाल्याचं दिसत नाही. २.५ टक्के पुरतं. १० टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि उशीचे रंगीत अभ्रे पांढरे होतात हे आधीच सांगितलेलं बरं.

इसबात बिघाड कवचापासून सुरू होतो. काहींच्यात फिलॅग्रिन हे कवच बांधणारं प्रथिन जन्मतः कमी पडतं (हा दुवा २००६ साली सापडला). कोरडी, भेगाळलेली, पीएच चढलेली कातडी ऑरियसला फावते. त्यातून जो दाह उठतो त्यातली इंटरल्यूकिन-४ आणि १३ ही रसायनं डिफेन्सिन बनवणं आणखी दडपतात. खाजवलं की पेशी फुटतात आणि चक्र पुन्हा फिरतं. ही खाजसुद्धा नुसती दाहाची नसते. ऑरियसचं व्ही-८ नावाचं विकर खाजेच्या चेतातंतूवरचा पार-१ हा संवेदक थेट कापून चालू करतं, असं २०२३ मध्ये हार्वर्डच्या गटाने उंदरांत दाखवलं. इसबात साध्या, वासरहित मॉइश्चरायझरला एवढं महत्त्व का देतात, ते या क्रमावरून लक्षात येईल: आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, दोन्ही वेळ.

आणि स्टेरॉइड. ते एनएफ-कॅपा-बीलाच आवरतं, आय-कॅपा-बीचं उत्पादन वाढवतं, म्हणून लाली-खाज दोन दिवसांत पळते. इसबात योग्य ताकदीचं, योग्य दिवस वापरलं तर ते उत्तम औषध आहे. पण स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेलं मलम नायट्यावर चोळलं की गजर बंद होतो आणि बुरशी निवांत पसरते. वर कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवर मागून मिळतात, आणि जांघेतल्या नायट्यासाठी शेजाऱ्याने सुचवलेलं मलम बहुधा यांतलंच निघतं.

हे सगळं बशीत कसं दिसतं

या गोष्टी प्रयोगशाळेत पाहायला बऱ्याचदा हाकॅट नावाच्या पेशी वापरतात. १९८८ साली जर्मनीत एका प्रौढ माणसाच्या त्वचेपासून मिळालेल्या या पेशी न थांबता वाढतात. सोय मोठी, पण त्यांचं पी-५३ हे पेशींची बेसुमार वाढ रोखणारं जनुक बिघडलेलं आहे आणि त्या खऱ्या त्वचेसारख्या पुऱ्या पिकत नाहीत. त्या ज्या द्रावणात वाढवतात त्यातलं कॅल्शियम ०.१ मिलिमोलरच्या खाली ठेवलं तर तळाच्या पेशींसारख्या वागतात, १ मिलिमोलरच्या वर नेलं तर वरच्या थरासारख्या. हे न नोंदवता दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवले की गोंधळ ठरलेला.

एका पेशीमागे दहा जिवाणू असं प्रमाण धरून सुरुवात करतात. पण जिवंत ऑरियस अर्ध्या तासात दुप्पट होतो. तीन तासांत ते दहाचे सहाशे चाळीस होतात, द्रावण गुलाबीचं पिवळं पडतं, आणि इंटरल्यूकिन-८ मोजेपर्यंत पेशी मेलेल्या असतात. म्हणून ठरावीक वेळेनंतर जेंटामायसिन हे प्रतिजैविक घालून बाहेरचे जिवाणू मारावे लागतात. उलट चूकही होते: द्रावणात नेहमीचं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन राहून जातं आणि जिवाणू सुरुवातीलाच मरतात. उष्णतेने मारलेले जिवाणू वापरले तर शेपट्या शाबूत, विषं निकामी. म्हणजे टीएलआर-२ चा निरोप मिळतो, फुटण्याचा मिळत नाही. जिवंत आणि मृत जिवाणूंचे निकाल जुळत नाहीत ते याच कारणाने.

सर्वांत छुपा सापळा प्रोटीन-ए चा. ऑरियसच्या अंगावरचं हे प्रथिन प्रतिद्रव्यांना शेपटाकडून पकडतं. रसायनं मोजायची एलायझा चाचणी प्रतिद्रव्यांवरच चालते, त्यामुळे नमुन्यात ते उरलं तर नसलेलं रसायनही दिसू शकतं. प्रोटीन-ए काढून टाकलेल्या वाणाबरोबर तुलना केल्याशिवाय असा आकडा छापू नये.

डाग

केस्तूड फुटून पू वाहून गेला, भोक भरलं, तरी गडद डाग राहतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो गोऱ्या कातडीपेक्षा जास्त ठळक उठतो. दाहात सुटलेली प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं शेजारच्या रंगपेशींनाही चाळवतात. त्या जास्त मेलॅनिन बनवून केराटिनोसाइटना वाटतात. रंग वरच्या थरात असेल तर पेशी वर सरकून गळत जातात तसा काही महिन्यांत फिका होतो. तळाचा थर फाटून मेलॅनिन खालच्या थरात सांडलं तर तिथल्या भक्षकपेशी ते गिळून बसतात, आणि मग डाग राखाडी-निळसर दिसतो, वर्षानुवर्षं टिकतो. लिंबू घासलं तर पेशी पुन्हा दुखावतात आणि रंगपेशी पुन्हा चाळवतात. ऊन लागू न देणं आणि जागेला हात न लावणं याने मात्र वरच्या थरातला डाग लवकर ओसरतो.